गुडघ्याच्या उंचीवर

१

धाकटीचं वय त्रेपन्न. पण घरात तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा भाऊ होता, आणि तो अजून तिला धाकटी म्हणूनच हाक मारायचा. त्यामुळे तीही मनातल्या मनात स्वतःला तेच म्हणायची. ऑफिसात मात्र ती बाई. पालिकेच्या नोंदणी खात्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. झाडं मोजून झाली होती, दिव्यांचे खांब मोजून झाले होते, बागांमधली बाकडीसुद्धा मोजून झाली होती. त्या वर्षी वरून हुकूम आला की आता शहरातली कला मोजा. पाहुण्यांच्या हातात द्यायला एक पुस्तिका काढायची होती.

"कला म्हणजे नेमकं काय धरायचं?" तिने साहेबांना विचारलं.

"जे भिंतीवर आहे आणि जाहिरात नाही, ते," साहेब म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "आणि पुतळे. पुतळे सोडू नका. पुतळा राहिला की बोंब होते."

तिच्या जोडीला खात्याचा फोटोवाला दिला होता. चांगला आडव्या अंगाचा, गप्पिष्ट माणूस, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. रोज सकाळी नऊला दोघं निघायची आणि पायी एकेक भाग पालथा घालायची. सव्वीस वर्षं धाकटी ज्या रस्त्यांवरून मान खाली घालून गेली होती, त्यांवरून आता तिला मान वर करून जायचं होतं, आणि तिला ते फार आवडायला लागलं. धान्याच्या गोदामाच्या अख्ख्या भिंतीवर देवमासा होता. इतका मोठा की समोरच्या दुकानदाराने तो कधी पूर्ण पाहिलाच नव्हता. बँकेच्या दाराशी पितळेची शेळी होती, लोकांनी जाता-येता हात लावून तिचे कान सोन्यासारखे केले होते. एका लाँड्रीच्या शटरवर कुणीतरी म्हातारी रंगवली होती. दुकान उघडलं की ती गुंडाळली जायची, बंद झालं की परत यायची.

"ही आपल्यासारखीच," फोटोवाला म्हणाला. "फक्त सुट्टीच्या दिवशी जिवंत."

प्रत्येक कामाला एक नंबर. जागा, लांबी-रुंदी, रंग कसला, काढणारा कोण, अवस्था काय. शेवटचा रकाना: ठेवावे की पुसावे. धाकटी जवळजवळ सगळीकडे 'ठेवावे' लिहायची.

नंबर एकशे त्रेचाळीस औषधांच्या दुकानामागच्या बोळात सापडला. खरं म्हणजे बूट बांधायला ती वाकली, म्हणून सापडला. पाण्याच्या पाइपामागे, गुडघ्याच्या उंचीवर, दोन तळहातांएवढं चित्र होतं. एक रिकामा जिना. हिरवा कठडा, भिंतीला पिवळट चुना आणि वरच्या वळणावर एक दिवा. काम इतकं बारीक होतं की कठड्याचा उडालेला रंगही वेगळ्या रंगाने दाखवला होता. दिव्याभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता.

"एवढं खाली कोण काढतं?" फोटोवाला कण्हत कण्हत बसला. "मांजरांसाठी आहे का हे?"

काढणारा कोण, या रकान्यात तिने 'अज्ञात' लिहिलं. पुढे गेल्यावरही तिला वाटत राहिलं की हा जिना आपण कुठेतरी चढलो आहोत.

२

कुठे, ते तिला संध्याकाळी सहा वाजता कळलं. घराचा जिना चढताना.

कठडा हिरवा होता. वळणावरच्या दिव्याला दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी कागद गुंडाळला होता, कारण दिवा उघडा असला की त्यांच्या डोळ्यांवर यायचा. धाकटी पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. मग तिला स्वतःचंच हसू आलं. या शहरात हिरव्या कठड्याचे जिने काय कमी आहेत? आणि दिव्याला कागद गुंडाळायची अक्कल काय एकट्या शिंपीणबाईंना आहे? तिने विषय मनातून काढला आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन आपल्या किल्लीने दार उघडलं.

दादा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत होता. उंच पाठीची ती खुर्ची आता त्याचं घरच झाली होती. दादाने चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अर्ध्या शहराची नावं त्याच्या हाताखालून गेली होती. लग्न दोघांचंही राहून गेलं. आधी आई-वडिलांच्या आजारपणामुळे, आणि मग सवयीमुळे. तीन वर्षांपूर्वी दादाचा हात थरथरायला लागला आणि ब्रश सुटला. आता त्याचा चहाचा कप ती अर्धाच भरायची.

रोज संध्याकाळी ती त्याला दिवसभरात काय काय सापडलं ते सांगायची. दादा ते जेवणापेक्षा जास्त चवीने घ्यायचा. त्या दिवशी तिने बोळातलं छोटं चित्र सांगितलं. जिना आपल्या घरच्यासारखा होता, एवढं मात्र सांगितलं नाही.

"कडा कशा होत्या?" दादाने विचारलं.

"धारदार. केसासारख्या."

"मग खारीच्या केसांचा ब्रश. आणि बसून काढलंय. उभ्याने असलं काम होत नाही." दादाने कप खाली ठेवला. "घाई नाही त्या माणसाला. मला आयुष्यभर घाई होती. दुकानाचं उद्घाटन उद्या आणि पाटी आज."

३

नंबर एकशे एकाहत्तर बस आगाराच्या पाण्याच्या टाकीखाली होता. पुन्हा तीच उंची आणि तोच हात. या खेपेला चित्रात एक बंद दार होतं.

आता शंकेला जागा नव्हती. दोन कड्या होत्या, त्यातली वरची वाकलेली. उजव्या फळीवर तिरपा ओरखडा. नवं कपाट वर आणताना हमालाच्या हातून तो पडला होता, आणि धाकटीने त्यावरून त्याच्याशी कडाकडा भांडणही केलं होतं. चित्रातला ओरखडा त्याच जागी होता. तेवढाच लांब.

"हे माझ्या घराचं दार आहे," ती म्हणाली.

फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून डोळा काढला. "म्हणजे कुणीतरी तुमच्यावर लट्टू आहे, बाई. या वयात नशीब काढलंत."

ती हसली, पण तिच्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं. दादा. दुसरं कोण असणार? दिवसभर तो घरी एकटा असतो. ती ऑफिसात गेली की हळूहळू बाहेर पडत असेल, खोक्यावर बसून रंगवत असेल. हात परत आला असेल आणि पक्की खात्री होईपर्यंत सांगायचं नाही असं त्याने ठरवलं असेल. या विचाराने तिला इतका आनंद झाला की परतीच्या बसमध्ये तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्यावर तिने काही विचारलं नाही. फक्त त्याच्या हाताशी कागद आणि पेन्सिल ठेवली. "सहज," ती म्हणाली. "मला एक रेघ काढून दाखव. सरळ."

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. पेन्सिल धरली. रेघ एका बाजूने निघाली आणि वाटेत चार ठिकाणी मोडली. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि थरथरता हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

"झाली तुझी गंमत?" तो म्हणाला. चिडून नाही, अगदी साध्या आवाजात. धाकटीने कागदाची घडी केली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासली.

४

जुन्या नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीवर जाहिरातींचे थर चढले होते. पालिकेला ती भिंत रिकामी करून हवी होती, म्हणून फोटोवाला चाकूने कागद सोडवत होता. खालचा थर अकरा वर्षांपूर्वीच्या जादूच्या प्रयोगाचा होता. तारीख ठळक छापलेली होती. खळ दगडासारखी घट्ट झाली होती आणि कडेला शेवाळ धरलं होतं. खालचा कोपरा ओढला तसा तो पापुद्र्यासारखा निघाला, आणि त्याखाली रंग दिसला.

गुडघ्याच्या उंचीवर. नंबर एकशे अठ्ठ्याऐंशी.

चित्रात धाकटीच्या घराची पुढची खोली होती. टेबल, त्यावर चष्म्याची डबी. वेताची खुर्ची आणि खुर्चीत दादा, मान किंचित उजवीकडे. खिडकीला निळा पडदा होता, खाली पांढरी वेलबुट्टी असलेला. तो पडदा धाकटीने पंधरा दिवसांपूर्वी घेतला होता.

ती वाकून बघत राहिली. फोटोवालाही बघत राहिला. मग त्याने हातातल्या जाहिरातीवरची तारीख पुन्हा वाचली.

"जुना कागद मिळाला असेल कुणाला तरी," तो म्हणाला. "त्याने आधी चित्र काढलं आणि वरून तो चिकटवला."

"असेल," ती म्हणाली.

"चिकटवला असेलच. नाहीतर काय." त्याने भिंतीवरच्या शेवाळाला बोट लावलं आणि ते पँटला पुसलं. त्यानंतर दिवसभर त्याने एकही विनोद केला नाही.

धाकटीचा सगळा जन्म मोजण्यात गेलेला. मन गडबडलं की ती टेप काढायची. तिने चित्रातल्या टेबलाची कड मोजली, खुर्चीची उंची मोजली, कपाटाची कड कुठे येते ते पाहिलं आणि वहीत आकडे लिहून घेतले. चित्र काढणारा कुठे बसला तर खोली अशी दिसेल, तेवढंच तिला काढायचं होतं. जागा कळली की माणूस कळेल, असा तिचा हिशेब. समोरच्या इमारतीची खिडकी असेल, गच्ची असेल, काहीतरी असेलच.

आकडे समोरच्या इमारतीकडे गेले नाहीत. ते तिच्याच घरातल्या एका कोपऱ्यात जाऊन थांबले. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. ती फट वीतभर रुंद होती.

५

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली. दादा खुर्चीत होता, मान किंचित उजवीकडे. ती आल्याचं त्याला कळलं, पण तो वळला नाही. समोरचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

ती सरळ कोपऱ्यात गेली. फटीत टॉर्च मारली. धूळ, एक शर्टाचं बटण, एका सुकलेल्या पालीचं शेपूट. आत माणूस काय, मांजरही बसलं नसतं. तिला हायसं वाटलं. तरी हातचं राखायचं नाही म्हणून ती फरशीवर बसली, गाल भिंतीला टेकवला आणि फटीच्या तोंडाशी डोळा नेऊन खोलीकडे पाहिलं.

टेबल, चष्म्याची डबी, खुर्ची, पडदा. चित्र जसंच्या तसं.

आणि चित्रातल्या दादाने ओठ फारसे न हलवता, हळू आवाजात म्हटलं, "थोडी सरक, धाकटे. त्याला दिसत नाहीये."

ती उठली की पडली हे तिला नंतर आठवत नव्हतं. ती टेबलापाशी होती आणि टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

"कोणाला दिसत नाहीये?"

दादाने सुस्कारा टाकला आणि मान सरळ केली. कामात कुणीतरी व्यत्यय आणल्यावर करावी तशी.

"मला नाव माहीत नाही. थंडी सरली तेव्हापासून येतो. दुपारी. उजेड चांगला असतो तोवर बसतो."

"दादा, तिथे वीतभर जागा आहे."

"मी कुठे म्हटलं की त्याला जास्त लागते?"

"कसा आहे दिसायला?"

दादाने आठवायचा प्रयत्न केला. खरोखरच केला, ते तिला दिसलं. "तोंड बघितलं नाही कधी. मी हात बघतो. हात काय चालतो, धाकटे. एक रेघ काढायला तो अख्खी दुपार घेतो."

तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि बसली. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की तिथे कुणी नाही, म्हातारपणी असे भास होतात, उद्या आपण डॉक्टरांना बोलावू.

"तुला नसेल दिसत," दादा म्हणाला. "तू असतेस कुठे दिवसभर?"

तिने साय धरलेला चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

"मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवली," तो म्हणाला. "कुणी म्हटलं नाही, जरा बसा, तुम्हाला काढतो. आत्ता कुणीतरी काढतंय, तर बसू दे ना मला."

डॉक्टर आले. छाती तपासली, रक्तदाब घेतला, दिवस-वार विचारले. दादाने सगळी उत्तरं बरोबर दिली. डॉक्टरांनी दाराशी येऊन सांगितलं की पायांना सूज आहे, फार वेळ एका जागी बसू देऊ नका. बाकी वय झालं. कोपऱ्याबद्दल दादाने त्यांना काही सांगितलं नाही, आणि धाकटीनेही सांगितलं नाही.

६

तिच्या हातात एकच गोष्ट होती. तीन फॉर्मांच्या शेवटच्या रकान्यात तिने 'पुसावे' लिहिलं आणि सही केली.

पालिकेचा रंगारी दुसऱ्याच दिवशी करड्या रंगाची बादली घेऊन आला. जिना गेला, दार गेलं. नाट्यगृहामागच्या भिंतीशी मात्र तो जरा थांबला. "एवढं चांगलं काम आहे, बाई. नक्की ना?"

"नक्की."

त्याने रोलर फिरवला. एका फेरीत खुर्ची आणि दादा, दुसऱ्या फेरीत पडदा. संध्याकाळी फोटोवाल्याने घरी येऊन कपाट ओढायला मदत केली. दोघांनी ते दुसऱ्या भिंतीला लावलं, कोपरा झाडला आणि तिथे शिवणयंत्र ठेवलं. दादा सगळं बघत होता.

"खोडलंस," तो म्हणाला.

पण त्या रात्री तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन गॅलरीत फेऱ्या मारल्या, शिंपीणबाईंशी खिडकीतून गप्पा मारल्या, पायांची सूज उतरली. चार दिवस घरात जुनं वातावरण होतं. धाकटीला वाटलं, सुटलो एकदाचे. भिंतीवर कुणी काढलं, कधी काढलं, कागदाखाली कसं गेलं, हे कोडं तिने कायमचं सोडून दिलं. सगळी कोडी सुटलीच पाहिजेत असं थोडंच आहे.

पाचव्या दिवशी ती ऑफिसातून आली तेव्हा दादा खुर्चीत ताठ बसला होता. हनुवटी वर उचललेली, डोळे समोर. फोटो काढताना फोटोवाले बोटाने हनुवटी उचलून मान बरोबर करतात, अगदी तसा.

"दादा?"

"कोपऱ्यातून जमत नव्हतं त्याला," दादा ओठांच्या कडेने बोलला. "आता जवळून काढतोय."

"किती जवळून?"

ती पुढे झाली आणि तिने त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला. हनुवटीखाली अंगठ्याएवढा डाग होता. निळा, पडद्याच्या निळ्याचा. तिने रुमाल लावला तर तो पसरला. रंग ओला होता.

७

तिने रजा घेतली. साहेबांना भाऊ आजारी एवढंच सांगितलं. पुस्तिकेचं थोडंच काम उरलं होतं, तेवढं फोटोवाला एकटा करणार होता.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. ती दादाजवळ बसून राहिली, भाजी निवडली, वर्तमानपत्र वाचून दाखवलं. दादाचा हात नेहमीसारखा थरथरत होता. दोघं बऱ्याच वर्षांनी इतका वेळ एकत्र होती. दादाने तिला त्याने रंगवलेल्या पहिल्या पाटीची गोष्ट सांगितली. त्यात त्याने सलूनच्या 'लू'ला मात्राच दिली होती, आणि मालकाने ती तशीच वीस वर्षं लावून ठेवली होती. धाकटी खूप दिवसांनी मोकळेपणाने हसली.

तिसऱ्या दिवशी दादा थोडंसंच जेवला. थकलोय म्हणाला आणि साडेअकराच्या सुमाराला आतल्या खोलीत जाऊन पलंगावर पडला. तिने पांघरूण घातलं, दार लोटलं. मग भांडी घासली, ओटा पुसला, कपडे वाळत घातले, त्यात दोन वाजून गेले. हात पुसत ती पुढच्या खोलीत आली तेव्हा पडदा ओढलेला होता आणि खोलीत निळसर अंधार होता. दादा उठून खुर्चीत येऊन बसला होता. खुर्ची खिडकीकडे वळवलेली, शाल डोक्यावरून घेतलेली. थंडी वाजली की तो अशीच घ्यायचा.

"झोप झाली?" तिने विचारलं.

उत्तर आलं नाही. तिने स्टूल ओढलं आणि खुर्चीला लागून बसली. खुर्चीच्या हातावर ठेवलेला त्याचा हात तिने आपल्या उजव्या हातात घेतला. हात कोमट होता, आणि अजिबात थरथरत नव्हता. तिला इतकं बरं वाटलं की ती काही बोललीच नाही. बोललं तर थरथर परत येईल, असं काहीतरी वेडं तिच्या मनात आलं.

तीनच्या पुढे फोन वाजला. तिने डाव्या हाताने उचलला. फोटोवाला होता.

"बाई, आणखी एक सापडलं. भाजीबाजाराच्या मागे. मी फोटो काढत नाहीये." त्याचा श्वास जोरात चालला होता. "तुम्ही कुठे आहात?"

"घरी."

"तुम्ही आहात यात. पाठमोऱ्या. स्टुलावर बसलायत, डाव्या कानाला फोन."

ती हलली नाही. "आणखी काय आहे?"

"खोली. पडदा ओढलाय. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं दाखवलंय. आत पलंग आहे. दादा झोपलेत पलंगावर."

"नाही," ती म्हणाली. "दादा इथे आहेत. मी त्यांचा हात धरलाय."

पलीकडे बाजारातला एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, तो तेवढा तिला ऐकू येत होता.

"हो, धरलाय," फोटोवाला शेवटी म्हणाला. "हात दिसतोय. खुर्चीतलं बाकीचं दिसत नाही, त्यावर मीटरची पेटी ठोकलीय. बाई, आतल्या खोलीचं दार बघा. उघडं आहे का?"

दार तिच्या पाठीशी होतं. ते लोटलेलं तिला आठवत होतं. मान वळवायची होती, एवढंच.

"हलू नकोस, धाकटे," खुर्चीतून आवाज आला. आवाज दादाचाच होता. "थोडंच राहिलंय."

ती हलली नाही. का हलली नाही, हे तिने नंतर स्वतःला शेकडो वेळा विचारलं. भीती तर होतीच. पण तेवढीच नव्हती. आवाज दादाचा होता, आणि दादाने तिच्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. ती पडद्यावरच्या वेलबुट्टीकडे बघत बसली. फोन कधी बंद झाला ते तिला कळलं नाही. तिच्या डाव्या गालाला काहीतरी गार, ओलं टेकलं, हळूच खाली आलं आणि थांबलं. मग पुन्हा टेकलं.

उजेड गेला तेव्हा हातातला हात सुटला. कुणी काढून घेतल्यासारखा नाही. काम संपल्यावर वस्तू खाली ठेवावी, तसा. तिने उठून दिवा लावला. खुर्चीत शाल होती. नुसती शाल.

८

दादा आतल्या खोलीत पलंगावर होता. तिने घातलेलं पांघरूण तसंच छातीपर्यंत होतं. डॉक्टरांनी हात उचलून पाहिला आणि म्हणाले की जाऊन बरेच तास झालेत. बारा-साडेबाराच्या सुमाराला झोपेतच गेले असणार. चेहरा शांत आहे, त्रास झालेला नाही, असंही म्हणाले.

फोटोवाला आला, पण उंबरठ्याच्या आत आला नाही. शेजारपाजारचे आत-बाहेर करत होते, आणि तो दारातच टोपी हातात घेऊन उभा होता. दादाला नेल्यावर गर्दी पांगली, तेव्हा त्याने विचारलं, "चित्रावरची मीटरची पेटी उचकटून पाहिली मी. तुम्हाला सांगू?"

तिने मान हलवून नको म्हटलं.

"बरं केलंत," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझ्या बहिणीकडे एक खोली रिकामी आहे. आत्ता चला. कपडे मागाहून आणू." जिना उतरताना तो तिच्या डाव्या बाजूने चालत राहिला. जिना अरुंद होता आणि त्याला तसं चालायला त्रास होत होता, तरी त्याने बाजू बदलली नाही.

ते घर तिने सोडलं. पुस्तिका दोन महिन्यांनी निघाली, मुखपृष्ठावर देवमासा. लोकांना आवडली. लहान चित्रं त्यात नव्हती. भाजीबाजारामागच्या चित्राचा फॉर्म फोटोवाल्याने भरलाच नाही, आणि ते अजून आहे की नाही हे बघायला दोघांपैकी कुणीही गेलं नाही. त्याने बदली मागून घेतली. आता तो रस्त्यांच्या खड्ड्यांचे फोटो काढतो आणि भेटला की पूर्वीसारखे विनोद करतो, फक्त तिच्या उजव्या हाताकडे बघत नाही.

धाकटीला टेबलावरचं काम मिळालं. काम बरं आहे, माणसं चांगली आहेत. दुपारी अडीचच्या सुमाराला मात्र तिला पेन खाली ठेवावं लागतं. कुणी विचारलं तर हाताला मुंग्या येतात असं सांगते. मुंग्या येत नाहीत. हात कुणीतरी धरलेला असतो. एकदा तिने जोरात ओढून पाहिला. पकड घट्ट झाली नाही आणि सैलही झाली नाही. धाकटी दमेपर्यंत ती नुसती थांबून राहिली. तेव्हापासून ती ओढत नाही. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत, हनुवटी किंचित वर करून, उजेड जाईपर्यंत बसून राहते.